सिझरनंतर नॉर्मल डिलिव्हरी: पोटावरच्या पट्ट्याबद्दल डॉक्टरांशी आधी काय ठरवायचं

पहिलं सिझर झालंय आणि या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचाय, असं म्हटलं की सांगली-मिरजेत काय नि सातारा-कराडात काय, सगळी चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरते. जुने टाके ताण सोसतील का, आणि डॉक्टर तयार होतील का. कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके कशाने बघणार, किती वेळाने बघणार आणि कागदावर जे उमटेल ते वाचणार कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. मग लेबर रूममध्ये सिस्टर पोटाला दोन पट्टे बांधतात, मशीन सुरू होतं, "ताई, आता हलू नका, ठोके सुटतात" असं सांगितलं जातं आणि पुढचे कितीतरी तास बाई उताणी पडून राहते. त्या वेळी हुज्जत घालण्यात काही हशील नसतं. एकीला कळा येत असतात, दुसरीला आणखी चार पेशंट बघायचे असतात. हे बोलणं ३४ ते ३६ आठवड्यांच्या तपासणीला, ओपीडीत, शांतपणे व्हायला हवं.

माझं मत आधीच सांगते. जुन्या सिझरवर कळा सोसताना सलग मॉनिटरिंगला, म्हणजे पट्टा बांधून ठोके अखंड बघण्याला, नकार देऊ नये असं मला वाटतं. त्याऐवजी तीन गोष्टी मागाव्यात, आणि ठाम राहून मागाव्यात: पट्टा लावलेला असताना उठायची-बसायची मोकळीक, पट्टी (मशीनमधून निघणारा ठोक्यांचा कागद) नियमित वाचणारं माणूस, आणि पट्टी बिघडली तर किती मिनिटांत पोट उघडलं जाईल याचं खरं उत्तर. शेवटची गोष्ट नसेल तर पहिल्या दोन्ही मिळूनही फारसा उपयोग नाही.

आता याची कारणं.

आधीच्या सिझरचा छेद पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, खालच्या भागात आणि आडवा असेल, तर कळांमध्ये ती जागा उसवण्याचा धोका साधारण २०० बायकांमागे एक असा धरतात. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१५ च्या मार्गदर्शनात हाच आकडा आहे, आणि प्रयत्न करणाऱ्या चारांपैकी जवळपास तिघींची डिलिव्हरी नॉर्मल होते असंही त्यात म्हटलं आहे. आधी एखादं बाळंतपण नॉर्मल झालं असेल तर हे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे प्रयत्न करण्यासारखा आहे. पण तो २०० मधला एक प्रसंग आला तर तो फार कमी वेळ देतो.

पिशवी उसवली की जुन्या टाक्यांवर असह्य दुखेल, रक्त जाईल, आईचं बीपी पडेल, असं बऱ्याच जणींनी ऐकलेलं असतं. ही लक्षणं खरी आहेत, पण ती उशिरा येतात आणि कधीकधी येतच नाहीत. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा दिसणारी खूण म्हणजे बाळाच्या ठोक्यांमधला बिघाड. दर दहा घटनांमध्ये साधारण सातांत तो असतो. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ठोके लांबलचक घसरल्यापासून १८ मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ जन्माला लागला तिथे बाळांना गंभीर इजा झाल्या होत्या. हा १८ चा आकडा डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

ठोके डॉपलरने (हातात धरून ठोके ऐकायच्या छोट्या यंत्राने) दर अर्ध्या तासाने ऐकायचे ठरले, आणि एकदा ऐकून झाल्यावर दुसऱ्याच मिनिटाला घसरण सुरू झाली, तर ती कळेपर्यंत २९ मिनिटं गेलेली असतील. दर पंधरा मिनिटांनी ऐकलं तरी १४ मिनिटं जातील आणि हातात उरतील चार. चार मिनिटांत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) पोचून बाळ बाहेर येत नाही. जुन्या सिझरवर सलग मॉनिटरिंगचा आग्रह का धरतात, ते या हिशेबातून कळतं. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडची मार्गदर्शक तत्त्वं या बायकांसाठी सलग मॉनिटरिंगच सुचवतात. रॉयल कॉलेज तर नियमित कळा सुरू झाल्यापासूनच.

इथे वाचक विचारतील, की 'सतत पट्टा लावल्याने सिझर वाढतात' असं वाचलंय, ते खोटं का? खोटं नाही. तेरा चाचण्या आणि ३७ हजारांवर बायकांचा एकत्रित आढावा उपलब्ध आहे. सलग मॉनिटरिंगने नवजात बाळांना येणाऱ्या झटक्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं, पण बाळमृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे येणारं अपंगत्व) यांत फरक दिसला नाही, आणि सिझर व चिमटा-व्हॅक्यूम वाढले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं, की निरोगी, विनाधोका बाईच्या आपोआप सुरू झालेल्या कळांमध्ये सलग पट्टा लावू नये. पण ही शिफारस ज्यांच्यासाठी आहे त्यांत जुनं सिझर असलेली बाई बसत नाही. फक्त सिझर झालेल्या बायकांवर असा अभ्यास भारतातून २००६ मध्ये प्रसिद्ध झाला होता, पण त्यात होत्या १०० जणी. जी गोष्ट २०० मध्ये एकदा घडते तिच्याबद्दल १०० जणींमधून निकाल लागत नाही. पट्ट्यामुळे विनाकारण सिझर होण्याची शक्यता मात्र इथेही आहेच, आणि म्हणून पट्टी कोण वाचतंय याला महत्त्व आहे.

आता मशीनकडे जरा जवळून बघू, कारण अर्धी भांडणं मशीन नीट न लावल्यामुळे होतात. आपल्याकडे सगळे याला एनएसटीचं मशीन म्हणतात, कागदोपत्री नाव सीटीजी. त्याला दोन चकत्या असतात. एक ठोक्यांची. हिच्याखाली जेल लागतं, आणि बाळाची पाठ ज्या अंगाला असेल तिकडे, डोकं खाली असेल तर बहुधा बेंबीच्या खाली डाव्या किंवा उजव्या बाजूला, ती बसते. दुसरी कळांची, टोको. हिला जेल लावायचं नसतं. पिशवीच्या वरच्या टोकाजवळ, कळ आली की पोट जिथे सर्वांत जास्त टणक लागतं, तिथे ती कोरड्या कातडीवर बांधायची. घाईत दोन्ही चकत्यांना जेल फासलं की टोको घसरते, कळांची रेघ सपाट येते आणि ठोक्यांची घसरण कळेच्या कुठल्या टप्प्यावर आली हेच कळेनासं होतं. बांधल्यावर, पोट सैल असताना, टोकोचं शून्याचं बटण दाबायचं. आणि टोकोवर डोंगर उंच आला म्हणजे कळ जोराची असा अर्थ नसतो. पट्टा किती आवळलाय आणि पोटावर चरबी किती यावर ती उंची ठरते. कळा किती वेळाने येतात तेवढंच तिच्यावरून नीट समजतं. पिशवी उसवली हे टोकोच्या रेघेवरून ओळखता येत नाही.

कागद काही मशीनमध्ये मिनिटाला एक सेंटिमीटर सरकतो, काहींमध्ये तीन. एकाच बाळाची पट्टी या दोन वेगांना इतकी वेगळी दिसते, की एका वेगाची सवय असलेल्या डोळ्याला दुसऱ्या वेगावर ठोक्यांचा चढउतार सपाट झाल्यासारखा वाटतो. रेफर होऊन येणाऱ्या पेशंटच्या पट्टीबाबत हे हमखास घडतं: तालुक्याच्या दवाखान्यात एक वेग, मोठ्या रुग्णालयात दुसरा. पट्टीवर वेग, तारीख, वेळ आणि बाईचं नाव असलंच पाहिजे. हा कागद उष्णतेने छापणारा असतो, काही महिन्यांत अक्षरं पुसट होतात. नातेवाइकांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. आणि वीज गेली तर मशीन इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर चालतं का, हेही विचारावं.

सगळ्यांत फसवी चूक म्हणजे चकतीने बाळाऐवजी आईची नाडी पकडणं. कळांमध्ये आईची नाडी शंभरच्या वर सहज जाते, आणि मशीन ती इमानेइतबारे छापत राहतं. जोर देताना हे जास्त होतं. त्या टप्प्यात कळेबरोबर बाळाचे ठोके बहुतेक वेळा थोडे खाली येतात, तर आईचे वर चढतात. म्हणून प्रत्येक जोराबरोबर रेघ छान वर जाताना दिसली तर खूश होऊ नये. आईच्या मनगटाची नाडी मोजून बघावी, किंवा बोटाला ऑक्सिमीटर लावावा. दोन्ही आकडे जुळले तर बाळाचे ठोके मिळतच नाहीयेत.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट, जी जुन्या सिझरवर फार महत्त्वाची आहे. ठोके आतापर्यंत मिळत होते त्या जागी अचानक मिळेनासे झाले, तर पहिला शब्द येतो 'पट्टा सरकला'. बहुतेक वेळा खरंच सरकलेला असतो. पण पिशवी उसवून बाळ वर सरकलं तरीही हेच दिसतं. त्यामुळे आधीच ठरवून घ्यावं, की ठोके सुटले तर एक-दोन मिनिटांच्या आत हातातल्या डॉपलरने शोधायचे, सापडले नाहीत तर लगेच डॉक्टरांना हाक मारायची. 'येतील थोड्या वेळाने' असं म्हणून पुढच्या पेशंटकडे जाणं या बाईच्या बाबतीत चालत नाही.

आता मोकळिकीबद्दल, कारण डॉक्टरांशी जमवून घ्यायला सर्वांत जास्त वाव इथेच आहे.

चकतीची केबल साधारण दोन-अडीच मीटर असते. एवढ्यात पलंगाच्या कडेला उभं राहता येतं, खुर्चीत बसता येतं, मोठ्या चेंडूवर बसून डुलता येतं, पलंगाच्या कठड्यावर पुढे वाकता येतं, गुडघे-हात टेकून ओणवं राहता येतं. मशीनची ट्रॉली बाई ज्या बाजूला उतरणार त्या बाजूला लावली की झालं. ओणवं असताना ठोक्यांची चकती घसरते, तेव्हा सोबतच्या बाईने ती तळहाताने खालून धरून ठेवली तर रेघ चांगली येते. उताणं झोपणं मात्र खुद्द बाळालाच त्रासाचं आहे. पिशवीचं वजन मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतं, आईचं बीपी उतरतं आणि बाळाचे ठोके घसरतात. मग त्या घसरणीकडे बोट दाखवून सिझर होतं. हलू नका म्हणून झोपवलं, झोपवल्यामुळे ठोके बिघडले, बिघडले म्हणून पोट उघडलं, असं होऊ नये यासाठी निदान डाव्या कुशीवर झोपायची तरी मुभा असलीच पाहिजे. बिनतारी चकत्यांची मशीनंही असतात, त्या लावून बाई खोलीभर फिरू शकते. आपल्या भागात ती क्वचित दिसतात, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

लघवीला जाण्यासाठी पट्टा काढणं ही कुणी करायची मेहरबानी नव्हे. भरलेल्या मूत्राशयाने बाळाचं डोकं उतरायला अडथळा येतो. पट्टा काढण्यापूर्वीची दहा मिनिटं रेघ चांगली असेल, कळा वाढवायची ड्रिप चालू नसेल, तर पाच-दहा मिनिटं जाऊन यावं आणि परत आल्याबरोबर पहिलं काम ठोके बघण्याचं. लघवीत रक्त दिसलं तर ते सिस्टरना लगेच सांगावं, कारण मूत्राशय जुन्या छेदाला अगदी चिकटून असतं.

ओपीडीत हे बोलायचं कसं? आपल्याकडे डॉक्टरांना उलट प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास असं धरतात, आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर त्याच डोळे वटारतात. म्हणून आधी होकार, मग अट, असा क्रम ठेवलेला बरा. "मॅडम, मॉनिटर सलग लावायला माझी काहीच हरकत नाही. फक्त उताणं झोपून राहायला लावू नका. पट्टा लावून खुर्चीत बसले, पलंगाला टेकून उभी राहिले तर चालेल ना? तेवढं माझ्या फाइलवर लिहाल का?" फाइलवर लिहून घेणं महत्त्वाचं, कारण रात्री ड्युटीवर वेगळे डॉक्टर आणि वेगळ्या सिस्टर असतात, त्यांना ओपीडीतलं बोलणं माहीत नसतं. दोन ओळी पुरतात: 'जुनं सिझर, सलग सीटीजी, हालचालीची परवानगी, ड्रिपपूर्वी वरिष्ठांना विचारणे.' पुढचा प्रश्न: "पट्टी किती वेळाने कोण बघणार?" सलग कागद निघतोय पण तासभर त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही, तर त्याला मॉनिटरिंग म्हणता येत नाही. पहिल्या टप्प्यात निदान दर अर्ध्या तासाने आणि जोर देताना दर पाच मिनिटांनी कुणीतरी बघून त्यावर वेळ व सही टाकावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

डॉक्टरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री एकच सिस्टर असते. काही बिघडलं तर गाव गोळा होतं. 'हलू नका' हे बऱ्याचदा त्या भीतीतून येतं. पट्टा सांभाळायला सोबतीला एक शहाणी बाई असेल असं सांगितलं की पुष्कळदा गाडी पुढे सरकते. सरकारी रुग्णालयातही सोबतीण ठेवता येते. केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्ये तसं कळवलं आहे आणि लेबर रूमचा दर्जा सुधारण्याच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ते आहे. सोबतीणीला आधीच शिकवून ठेवा: पडद्यावर ठोक्यांचा आकडा कुठला, चकती कशी धरायची, आणि कुठल्या आकड्याला सिस्टरना बोलवायचं.

तो आकडा असा. ठोके मिनिटाला ११० ते १६० हवेत. रेघ सरळ आखल्यासारखी नको, पाच ते पंचवीस ठोक्यांच्या पट्ट्यात तिची दातेरी हालचाल दिसली पाहिजे. बाळ पोटात झोपलं की ही हालचाल ५० मिनिटांपर्यंत मंदावू शकते, त्याने घाबरू नये. कळेबरोबर ठोके उतरून कळेबरोबरच पूर्वपदावर आले तर बहुतेक वेळा डोक्यावरच्या दाबामुळे. कळ ओसरायला लागल्यावर उतरायला सुरुवात होते, कळ संपली तरी ठोके खालीच राहतात, आणि निम्म्याहून जास्त कळांना असं होतं, तर तो इशारा आहे. आणि एकदा घसरून तीन मिनिटांत वर आलेच नाहीत, तर घड्याळ लावून धावायची वेळ.

ब्रिटनमधल्या लेबर वॉर्डांत यासाठी तीन-सहा-नऊ-बाराचा हिशेब पाठ करून घेतात. तीन मिनिटांना मदतीची हाक, सहाला बाईला ओटीकडे न्यायला सुरुवात, नऊला तयारी, बाराला बाळ बाहेर काढायला हात घालायचा. कूस बदलणं, ड्रिप बंद करणं, बीपी बघणं, नाळ खाली आली नाही ना हे आतून तपासणं, पोट चाचपणं हे सगळं या पहिल्या मिनिटांतच होतं. पिशवी उसवल्याची शंका असेल तर हाही हिशेब सोडून थेट ओटी. 'डाव्या कुशीवर झोपवून, ऑक्सिजन लावून अर्धा तास वाट बघू' हे जुन्या सिझरवर परवडत नाही.

इथे दवाखान्याची निवड आडवी येते. १८ मिनिटं कुठून मोजायची ते बघा. भूलतज्ज्ञ त्याच इमारतीत आहेत, की फोन केल्यावर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुसऱ्या दवाखान्यातून येणार? ते तिथे ऑपरेशनला उभे असतील तर? साखर कारखान्यांचा हंगाम चालू असला की इस्लामपूर, कराड, सांगलीकडच्या रस्त्यांवर उसाच्या जोडट्रॉल्यांमागे गाडी अडकते, हे इथल्या कुणालाही नव्याने सांगायला नको. म्हणून प्रश्न असा विचारा: "रात्री दोन वाजता ठोके घसरले, तर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत हजर होतील?" 'बोलावलं की येतात' याला उत्तर म्हणता येत नाही. दुसरा प्रश्न रक्ताचा. गट तपासून, जुळवून ठेवलेलं रक्त दवाखान्यात किंवा लगतच्या रक्तपेढीत असणार का? तिसरा, बाळाचे डॉक्टर.

सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, कराडचं कृष्णा रुग्णालय यांसारख्या मोठ्या ठिकाणीही हेच प्रश्न विचारावेत. मोठं रुग्णालय म्हणून उत्तर गृहीत धरू नये. जत, आटपाडी, पाटण, जावळीकडच्या बायकांनी तर तारीख जवळ आली की शहराजवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवावा. कळा सुरू झाल्यावर घाटातून दीड-दोन तासांचा प्रवास, आणि त्या वेळात ठोके कुणीच बघत नाही, हा सगळ्यांत मोठा धोका. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली डिलिव्हरी, सिझर, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत मिळते, ते हक्काने मागावं.

मोठ्या रुग्णालयात पहिल्याच दिवशी मागतील तो कागद बहुधा माहेरी असतो. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आपली रीत. पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड विट्याला कपाटात आणि बाई कळा देतेय कराडला. ते आधीच मागवा, आणि नुसत्या कार्डावर भागवू नका. ऑपरेशनची सविस्तर नोंद मागा. पोटावरचा व्रण आडवा असला म्हणून आत पिशवीवरचा छेदही आडवाच असेल असं नाही. तो उभा, वरच्या भागापर्यंत गेलेला असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करायचाच नसतो. सिझर कशासाठी झालं, छेद बाजूला फाटला होता का, नंतर ताप आला होता का, आणि दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर आहे का, हे सगळं डॉक्टरांना कळलं पाहिजे. ज्यांना हे माहीत असतं ते पट्टी जास्त शांतपणे वाचतात.

कळा वाढवायच्या सलाईनबद्दल जरा थांबून बोलू. ऑक्सिटोसिनची ड्रिप लावली की पिशवी उसवण्याचा धोका दोन ते तीन पट होतो. म्हणून जुन्या सिझरवर ड्रिप लावायचा निर्णय वरिष्ठ डॉक्टरांनी स्वतः बाईला तपासून घ्यावा, आणि ड्रिप चालू असेपर्यंत पट्टा एक मिनिटही काढू नये. इथे मोकळिकीचा आग्रह मी धरणार नाही; खुर्चीत बसा, पण रेघ तुटू देऊ नका. दहा मिनिटांत तीन-चार कळा पुरतात. पाचच्या वर गेल्या तर ठोके चांगले असले तरी ड्रिप कमी करायला किंवा बंद करायला सांगा. कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉलची गोळी पूर्ण दिवसांच्या जुन्या सिझरवर देऊ नये, हेही आधीच बोलून ठेवा. (बाळ झाल्यावर रक्तस्राव थांबवायला तीच गोळी देतात, त्याला हरकत नाही.) कमरेतून भूल घेतली तर उसवल्याचं दुखणं लपेल अशी भीती घालतात. ठोक्यांची खूण भुलेने लपत नाही. उलट भूल नीट चालू असताना अचानक जास्त डोस लागू लागला, दोन कळांच्या मध्येही दुखत राहिलं, खांद्याच्या टोकाला कळ आली किंवा चालू कळा एकदम थांबल्या, तर ते सांगायला लाजू नये.

आणि तरीही एखादीला पट्टा नकोच असेल तर? निर्णय तिचा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं, की संमती पेशंटची स्वतःची, समजून-उमजून दिलेली लागते. त्या प्रकरणात पेशंट भुलेत असताना आईची संमती घेतली होती, ती चालली नाही. तेव्हा नवऱ्याने किंवा सासूबाईंनी सही केली म्हणून विषय संपत नाही, होकाराचाही आणि नकाराचाही. पण पट्टा नको असेल तर त्याच्या जागी जे करायचं ते पूर्ण व्हायला हवं. आल्यावर वीस मिनिटांची एक पट्टी, ती चांगली असेल तरच पुढे. मग दर पंधरा मिनिटांनी, कळ ओसरल्याबरोबर पूर्ण एक मिनिट डॉपलर. जोर देताना दर पाच मिनिटांनी. प्रत्येक वेळी आईची नाडी सोबत, आणि सगळं वेळेसह लिहून. ड्रिप लागली, पाण्यात बाळाची शी दिसली, रक्त गेलं, ताप आला किंवा एकदा जरी घसरण ऐकू आली, तर त्याच क्षणी पट्टा. यासाठी त्या एकाच बाईजवळ बसून राहणारी एक सिस्टर लागते. तशी सिस्टर देता येणार नसेल, आणि आपल्याकडच्या बहुतेक लेबर रूममध्ये ती देता येत नाही, तर डॉपलरचा पर्याय कागदावरच राहतो. हे डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगावं आणि बाईनेही ते ऐकून ठरवावं.

शेवटच्या टप्प्यात, बाळाचं डोकं दिसायला लागलं की 'आता होतंच आहे' म्हणून पट्टा सोडून टाकायची सवय सगळीकडे आहे. पिशवी उसवण्याच्या घटना या टप्प्यातही घडतात. जोर देताना खाली उतरलेलं डोकं परत वर गेलं तर तीही एक खूण आहे. बाळ बाहेर येईपर्यंत ठोके चालू ठेवा, चकती हाताने धरावी लागली तरी. बाळ झाल्यावर रक्त थांबत नसेल, नाडी वाढत असेल, पोट फुगत असेल, तर जुना छेद तपासायला सांगा. आणि घरी जाताना डिस्चार्ज कार्डाबरोबर पट्ट्यांच्या फोटोप्रती आणि लेबर रूमच्या नोंदींची नक्कल मागून घ्या, या वेळी सिझरच झालं असेल तर ऑपरेशनच्या नोंदीचीही.